पोच

आमच्या सोसायटीच्या ऑफिसात एक हिरवी फाइल आहे. कडेला जाड मार्करने ‘म.न.पा.’ लिहिलंय. आधीच्या सेक्रेटरींनी चार्ज देताना ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, “मॅडम, ही जपा. सगळ्या पोचा आहेत यात.” मी विचारलं, मग उत्तरं कुठल्या फाइलला? ते नुसते हसले आणि लिफ्टच्या कॉन्ट्रॅक्टचे कागद काढायला लागले.

एका रविवारी दुपारी मी ती फाइल वाचून काढली. झाडाच्या फांद्या छाटण्याचे चार अर्ज, गटाराचं झाकण तुटल्याचे दोन, धूरफवारणी, भटकी कुत्री, फुटपाथच्या उखडलेल्या लाद्या, आणि मग पाणी, पाणी, पाणी. प्रत्येक अर्जावर गोल शिक्का, तारीख, आवक-जावकच्या क्लार्कची पिळदार सही. एकावर चहाच्या ग्लासाचा गोल उमटलाय, तो शिक्क्यापेक्षा ठळक आहे. वीस-बावीस वर्षांचा ऐवज. त्यात वॉर्ड ऑफिसकडून आलेली पत्रं मी मोजली. तीन. त्यातलं एक दुसऱ्याच सोसायटीचं होतं.

पोच हा मराठीतला गमतीचा शब्द आहे. कागद पोचल्याची खूण ती पोच. माणसाचा हात कुठवर जातो, तीही त्याची पोच. आणि आई एखाद्याबद्दल ‘त्याला काही पोच नाही’ म्हणायची, तेव्हा कुणाशी काय आणि कधी बोलावं याचं त्याला भान नाही, असं तिला म्हणायचं असे. महापालिका आणि आपण यांच्यातला सगळा व्यवहार या तीन पोचांमध्ये बसतो. पहिली मुबलक मिळते. दुसरी ओळखीपाळखीवर असते. तिसरी फार थोड्यांकडे असते, आणि ती असलेला एक माणूस मला पहाटे साडेचारला रस्त्यावर भेटला. त्याच्याबद्दलच लिहायचंय.

मुंबईत आमच्याकडे पाणी पहाटे चार चाळीसला येतं आणि सहा चाळीसला जातं. वॉर्डाचं अक्षर मुद्दाम लिहीत नाही. गेल्या फेब्रुवारीत पाणी सव्वापाचच्या पुढे यायला लागलं. दाब असा, की खालची टाकीच निम्मी भरायची. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी वॉचमनला धारेवर धरलं, दुसऱ्या आठवड्यात पंपाच्या मेकॅनिकला आणि तिसऱ्या आठवड्यात मला. सोसायटीच्या ग्रुपवर पहाटे पाच वाजता रिकाम्या बादल्यांचे फोटो यायला लागले. एका काकूंनी नुसताच कोरड्या नळाचा व्हिडिओ टाकला, सव्वा मिनिटाचा. त्यात काहीच घडत नाही. मी तो पूर्ण पाहिला.

तक्रार केली. आता काही शिक्क्यासाठी रांगेत उभं राहावं लागत नाही. पालिकेच्या १९१६ या नंबरवर फोन करा, अॅपवर टाका, ट्विटरवर वॉर्डाच्या हँडलला टॅग करा, व्हॉट्सअॅपवर चॅटबॉट आहे, खड्ड्यांसाठी वेगळं अॅप आहे. दारं इतकी झाली आहेत की कुठलं ठोठवावं याचाच विचार करावा लागतो. प्रत्येक दारावर लगेच नंबर मिळतो. मला तीन मिळाले. चौथ्या दिवशी मेसेज आला: ‘आपली तक्रार निकाली काढण्यात आली आहे.’ मी तो स्वयंपाकघरात उभी राहून वाचला, समोर नळ फुसफुसत होता.

निकाली हा आखाड्यातला शब्द. निकाली कुस्ती म्हणजे कुणाची तरी पाठ मातीला लागलीच पाहिजे. कुणाची लागली ते कळलं.

वाक्यरचनाही बघण्यासारखी आहे. काढण्यात आली आहे. कोणी काढली? सरकारी मराठीत माणूस कधी काही करत नाही, सगळं ‘करण्यात येतं’. काम प्रगतीपथावर असतं, गैरसोयीबद्दल दिलगिरी असते, नागरिकांनी सहकार्य करायचं असतं, आणि या सगळ्यात कर्ता कुठेच नसतो. मी तीस वर्षं शाळेत व्याकरण शिकवलं. कर्मणी प्रयोगाचा इतका निष्ठेने वापर करणारी दुसरी संस्था मी पाहिलेली नाही. मुलांना मी सांगायचे, कर्ता सापडत नसेल तर क्रियापदाला ‘कोण’ असं विचारा. तेव्हा म्हटलं, आपणही विचारून बघू.

वॉर्ड ऑफिसला गेले. तिथली माणसं काही वाईट नव्हती, हे आधी सांगते. ज्युनियर इंजिनिअर मुलगा माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा. टेबलावर दोन फोन, दोन्ही वाजत होते. तो म्हणाला, तुमच्या नावावर तीन तक्रारी दिसतायत, तिन्ही क्लोज्ड. मी म्हटलं, पाणी आलेलं नाही. तो म्हणाला, माणूस येऊन बघून गेला, लाइन चालू आहे. मी म्हटलं, लाइन चालू आहे पण पाणी कमी आहे. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की त्या दोन वाक्यांत फरक आहे हे त्याला चांगलंच ठाऊक आहे, पण त्याच्या कॉम्प्युटरला नाही. मग आवाज खाली आणून म्हणाला, “मॅडम, खरं कळायचं असेल तर चावीवाल्याला भेटा.”

मुंबईबाहेरच्यांना चावीवाला म्हणजे कुलूप-किल्ली वाटेल. इथे चावीवाला म्हणजे पाणी सोडणारा. या शहराला रोज जवळपास ४०० कोटी लिटर पाणी लागतं. विहार आणि तुळशी हे दोनच तलाव शहराच्या हद्दीत. बाकी भातसा, तानसा, मोडकसागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा, सगळे दूर. शंभरेक किलोमीटरवरून पाणी बरंचसं उताराच्या जोरावर येतं, शुद्ध होतं, टेकडीवरच्या जलाशयांत भरतं. आणि एवढा प्रवास करून आमच्या गल्लीच्या तोंडाशी आलं, की कुणीतरी वाकून रस्त्यातलं वाटीएवढं लोखंडी झाकण उचलतं, आत माणसाच्या उंचीची चावी घालतं आणि हाताने फिरवतं. तेव्हा माझ्या नळाला पाणी येतं. एका गल्लीचं उघडायचं, दुसरीचं बंद करायचं. रात्रंदिवस हे चालू असतं.

दुसऱ्या दिवशी सव्वाचारला मी शाल गुंडाळून नाक्यावर उभी राहिले. सोबत वॉचमन. कुत्र्यांनी आधी आमच्यावर भुंकून घेतलं. साडेचारला एक पन्नाशीचे गृहस्थ सायकलवरून आले, खांद्यावर ती चावी, वर आडवा दांडा, भाल्यासारखी. त्यांनी चावी झाकणात उतरवली, पण लगेच फिरवली नाही. दांड्याच्या टोकाला कान लावला. मिनिटभर. मला वाटलं, देवाचं काही करतायत. मग म्हणाले, “ऐका.”

मीही कान लावला. थंडगार लोखंड आणि आत कुठेतरी लांबून सूं सूं असा बारीक आवाज, कुकरची शिट्टी होण्याआधी येतो तसा.

“बंद आहे ना व्हॉल्व्ह? मग आवाज कसला? पुढे गळते लाइन. त्या वळणावर, केबलवाल्यांनी खोदलं होतं तिथं. मोठं गळतंय. आता ते दुरुस्त करायला रस्ता फोडायचा, तर रस्ता आपल्या खात्याचा नाही, रस्तेवाल्यांचा. त्यांचं पत्र यायचंय. तोवर मी काय करतो ताई, आधी वर टेकडीला सोडतो. तुम्हाला आधी सोडलं तर टेकडीला चढतच नाही पाणी. म्हणून तुम्हाला अर्धा तास उशीर. आणि चावीचे फेरे कमी. बावीस द्यायचो, आता चौदा देतो.”

तीन आठवडे, तीन तक्रारी, एक मुलाखत. आणि इथे दोन मिनिटांत कारण, ठिकाण, जबाबदार खातं आणि फेऱ्यांचा आकडा. कर्त्यासकट.

मी काही बोलायच्या आत त्यांनी आमच्या गच्चीकडे बोट दाखवलं. “आणि तुमची टाकी. आधी दोन तास देत होतो तेव्हा रोज अर्धा तास वाहायची. मागच्या पाइपातून बदाबदा. मी इथून बघायचो. वर टेकडीला बायका हंड्याची लाइन लावून बसतात, आणि इथे...” पुढचं बोलले नाहीत. पोच म्हणतात ती हीच. वाक्य कुठे सोडावं हे त्यांना कळत होतं.

वॉचमन चपलेकडे बघत राहिला. टाकीचा बॉलकॉक दोन वर्षं गेलेला होता, हे मला माहीत होतं. कमिटीच्या मीटिंगमध्ये तो विषय तीनदा पुढे ढकलला होता. इतिवृत्तात नोंद आहे: ‘पुढील सभेत विचार करण्यात येईल.’ कर्मणी प्रयोग.

त्या दिवसापासून मी एका गोष्टीचा विचार करते आहे. पालिका सांगतच नाही, असं काही नाही. सातही तलावांत मिळून किती टक्के पाणी आहे हे जूनमध्ये इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असतं, कारण तो आकडा रोज बाहेर येतो आणि पेपरात छापला जातो. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती कोणत्या दिवशी, किती वाजता, याची यादी आधीच येते. आमच्या घरी ती फ्रिजवर चुंबकाने लावलेली असते. लोक त्या यादीवर लग्नाच्या तारखा बघत नसतील, पण ऑफिसातून किती वाजता निघायचं ते नक्की बघतात. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि लाखो माणसं कुणी काही न सांगता रस्त्यात अडकली. त्यानंतर या शहराला आकड्यांची भाषा कळायला लागली. म्हणजे आपल्याला साधं, वेळेवर, खरं सांगितलं तर आपण ऐकतो. तलावाचं कळतं, समुद्राचं कळतं. आपल्या गल्लीच्या झाकणाखालचं मात्र कळत नाही. मोठं सांगितलं जातं, छोटं राहून जातं, आणि माणूस जगतो छोट्यात.

कोण सांगतो यालाही महत्त्व आहे. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा पालिकेची माणसं घरात शिरून रोगी शोधायची, उचलून रुग्णालयात न्यायची. हेतू जीव वाचवण्याचा. पण का नेताय, तिथे काय करणार, परत कधी सोडणार, हे कळेल असं सांगणारं कोणी नव्हतं. अफवांनी ती जागा घेतली. लोक आजारी माणसं लपवायला लागले, लाखोंनी गाव गाठलं, आणि त्या ऑक्टोबरात गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोडच्या रुग्णालयावर चालून गेला. आजचं कस्तुरबा ते हेच. २०२० मध्ये धारावीत घरोघर तपासणी करायची वेळ आली तेव्हा पालिकेने त्याच वस्तीत दवाखाने असलेल्या खासगी डॉक्टरांना सोबत घेतलं. पीपीई किटच्या आत कोण आहे हे लोकांना आवाजावरून कळत होतं. आपला डॉक्टर. दार उघडलं गेलं. त्याच जूनमध्ये खाटांचं वाटप एका मध्यवर्ती नंबरवरून काढून चोवीस विभागांच्या वॉर रूमकडे दिलं. तिकडून फोन उलटा यायचा. माझ्या दिराचा रिपोर्ट आला तेव्हा आम्ही कुणाला फोन करायच्या आधी वॉर रूममधल्या मुलीचा आम्हाला फोन आला होता. श्वास कसा आहे, घरात वेगळी खोली आहे का, संडास एकच का. रोज, दहा दिवस. त्या मुलीचं नाव मी विचारलं नाही, याची अजून रुखरुख आहे. म्हणजे जमतं. मरणाच्या भीतीने जमलं, हे खरं, पण जमलं.

साथ ओसरली, खुर्च्या उचलल्या गेल्या, आणि पालिका पुन्हा नंबर द्यायला लागली.

मधल्या काळात आणखी एक दुवा तुटला होता. ७ मार्च २०२२ ला महापालिकेची मुदत संपली आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत, जवळजवळ चार वर्षं, या शहराला एकही नगरसेवक नव्हता. २२७ खुर्च्या रिकाम्या. नगरसेवकांबद्दल माझं मत फार काही उंच नाही. पण त्यांच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर बसता यायचं, हे विसरून चालणार नाही. तिथे चहा मिळायचा, चिठ्ठी मिळायची, आणि काम झालं नाही तर शिव्या घालायला एक ओळखीचा चेहरा मिळायचा. प्रशासकाला शिव्या कशा घालणार? आता नवीन निवडून आलेत. आमच्या नाक्यावर अभिनंदनाचे बॅनर अजून आहेत, दोरीने लोंबकळत. बघू.

आमच्या मजल्यावर एक निवृत्त बँक अधिकारी आहेत. त्यांचा माहितीच्या अधिकारावर फार विश्वास. फुटपाथच्या लाद्यांचं काय झालं म्हणून त्यांनी दहा रुपयांचा अर्ज केला, पानाला दोन रुपयेप्रमाणे पैसे भरले आणि गठ्ठा घेऊन आले. मोजमाप पुस्तिका, देयकं, टिपणी, मंजुरी. सगळं होतं. आम्ही दोघांनी त्यांच्या डायनिंग टेबलवर ते पसरून पाहिलं. लाद्या बसवून सहा महिन्यांत का उखडल्या, हे त्यात नव्हतं, कारण तसं कुणी कुठे लिहिलेलंच नव्हतं. माहिती मिळाली, उत्तर मिळालं नाही. तरीही त्यांनी तो गठ्ठा बाइंड करून ठेवलाय.

न्यायाने बोलायचं तर काही ठिकाणी गाडी रुळावर आहे. २०१५ मध्ये राज्याने लोकसेवा हक्काचा कायदा केला. कोणती सेवा, किती दिवसांत, कोण देणार, नाही दिली तर अपील कुणाकडे, हे ठरवून दिलं. नातीचा जन्माचा दाखला मला एका फेरीत मिळाला. मुलाच्या वेळी पाच झाल्या होत्या. पण दाखला ही वस्तू आहे, देता येते. ‘पाणी उशिरा का येतं?’ हा प्रश्न आहे, आणि प्रश्नाला खिडकी नसते.

एकदा ती होती, असं ऐकलंय. १९९७ च्या सुमारास घाटकोपरच्या जोशी लेनमधल्या रहिवाशांनी पालिकेशी मिळून कचऱ्याचं काम हातात घेतलं, ओला-सुका वेगळा करायला लागले, आणि त्यातून एएलएम, म्हणजे प्रगत परिसर व्यवस्थापन, शहरभर पसरलं. कल्पना साधी होती. गल्लीने आपलं आपण बघायचं आणि ठरलेल्या दिवशी वॉर्डातल्या अधिकाऱ्यांसमोर बसायचं. समोरासमोर. आमच्याकडेही एक एएलएम होता. तो कसा संपला हे मला विचारा. पालिकेने नाही संपवला. पार्किंगवरून दोन सोसायट्यांचं वाजलं, आणि मग बैठकीला कुणी कुणाच्या शेजारी बसेना.

हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. केबलवाल्यांनी ते वळण खोदलं तेव्हा मी तिथून रोज भाजी आणायला जात होते. चिखल चुकवत जायचे. तीन दिवस तिथे पाणी झिरपत होतं, ते मी पाहिलं होतं. गेटच्या बाहेरचं होतं, म्हणून पाहून सोडलं.

मग मी काय केलं? फार काही नाही. बॉलकॉक बदलला, साडेनऊशे रुपये लागले. आणि शाळेतून निघताना मागून आणलेला एक फळा माळ्यावर पडून होता, तो गेटच्या बाहेरच्या भिंतीला, रस्त्याच्या बाजूने लावला. त्यावर लिहिलं:

‘वळणावर लाइन गळते. दुरुस्तीसाठी रस्ते खात्याच्या परवानगीची वाट बघतोय. तोवर पाणी ५.१५ ते ६.३०. आधी टेकडीला जातं, मग आपल्याला.’

खाली तारीख. ‘बघतोय’ कोण, हे मी लिहिलं नाही, पण मनात ‘आपण’ होतं.

ग्रुपवरचे बादल्यांचे फोटो चार दिवसांत थांबले. पाणी एक थेंबही वाढलं नव्हतं. समोरच्या इमारतीतले लोक येऊन फळ्याचा फोटो काढून नेऊ लागले. एका सकाळी ज्युनियर इंजिनिअर स्कूटरवरून जाता जाता थांबला, फळा वाचला, आणि म्हणाला, “मॅडम, परवानगी आली. गुरुवारी फोडतोय.” मी म्हटलं, लिहू? तो क्षणभर घुटमळला. मग म्हणाला, “गुरुवार-शुक्रवार लिहा.” गुरुवारी पाऊस नव्हता, काही नव्हतं, तरी आले नाहीत. शुक्रवारी आले. पिवळ्या हेल्मेटवाले पाच जण, एक ब्रेकर, आणि बाजूला ते चावीवाले दादा, कान लावून.

आता पाणी परत चार चाळीसला येतं. फळा काढायचा राहिला. हल्ली दादाच पहाटे जाताना वॉचमनकडे निरोप ठेवतात, आणि मी खाली उतरून लिहिते. खडू संपला की शेजारच्या क्लासवाल्या बाई आणून देतात. काल मी लिहिलं होतं, ‘शनिवारी पाणी एक तास उशिरा.’ आज सकाळी दूध आणायला गेले तर त्याखाली वाकड्यातिकड्या अक्षरात, लाल खडूने, कुणीतरी लिहून ठेवलं होतं: ‘का?’

अक्षर टेकडीवरच्या कुणा पोराचं असावं. मला ठाऊक नव्हतं का. उद्या सव्वाचारचा गजर लावलाय.